बोंद्रे साहेबांची बारी

मोहाच्या दिवसांत कोसमटोल्याच्या आया पहाटेच फुलं वेचायला रानात जात, आणि त्यांतली एक जण बारीनं मागं राहून गावाची बालवाडी सांभाळी. जीपनं पाहणीला आलेले बोंद्रे साहेब चिंचेखाली हुंदडणारी पोरं पाहून भडकलेच.

"शिकवणारी बाई कुठंय?"

"आज माही बारी हाय," चैतीबाई म्हणाली.

"नुसती पोरं राखायला बालवाडी कशाला? ते तर कोणीही करील! आजपासून ही बंद."

चैतीबाईनं कडेवरचं पोर साहेबांच्या हातात दिलं आणि टोपली उचलली. "कोनीबी करन ना? मंग आजची बारी तुमची."

साहेबांनी पोर सावरून वर पाहिलं. बाई खरंच रानात निघून गेली होती!

ऊन डोक्यावर आल्यावर ती परतली. एक पोर जीपचा भोंगा बडवत होतं, साहेबांचा चष्मा एका पोरीच्या नाकावर होता आणि हातातल्या पोरानं सदरा भिजवला होता.

"बाई, हुकूम मागं घेतो! सांभाळा यांना!" साहेब रडकुंडीला आले होते.

चैतीबाईनं त्यांच्या पुढ्यात भाताचं पातेलं ठेवलं.

"असं कसं साहेब? भरवल्याबिगर बारी सरत नाई."