गोदीचा वरवंटा

घरोघरी मिक्सर आले आणि वरवंटे रिकामटेकडे झाले, त्या काळची ही गोष्ट. मालवणच्या मयेकरीणबाईंनी काचेच्या पेटीत ऑक्टोपस पाळला होता. जीव भारी नाजूक. त्याला समुद्राचं ताजं पाणी लागे, खायला रोज कुर्ली लागे, आणि निसटू नये म्हणून लाकडी झाकणावर वरवंटा लागे.

घरची मांजर गोदी जळून कोळसा झाली. तिला कुर्लीपेक्षा तो वरवंटा सलायचा.

"मी कुठेही उलथले तरी मला कुणी हाक मारत नाही," ती म्हणाली. "आणि तू जाऊ नयेस म्हणून दगड ठेवतात. एवढा कसला रे तू लाडका?"

"मग ढकल तो दगड, मावशी," ऑक्टोपस म्हणाला. "मी जातो, तू राज्य कर."

बाई बाजारात गेल्या तसा गोदीने वरवंटा ढकलला. ऑक्टोपस निघाला, पण दाराकडे नाही, स्वयंपाकघराकडे. पातेल्यातली कोलंबी त्याने फस्त केली, परत पाण्यात शिरला आणि झाकण स्वतःच ओढून घेतलं. ओली लादी उन्हाने वाळवली.

बाई आल्या. पातेलं रिकामं, वरवंटा खाली, आणि शेजारी गोदी.

"कोलंबी खाल्लीस ती खाल्लीस, वर माझ्या राजावर डोळा?" म्हणत त्यांनी गोदीवर कोंबड्यांचं डालगं उपडं घातलं आणि त्यावर तोच वरवंटा ठेवला.

"मावशी, आता कशी लाडकी दिसतेस," ऑक्टोपस काचेआडून म्हणाला.

गोदीचं लक्षच नव्हतं. ती त्याच्या झाकणाकडे बघत होती. तिथे बाईंनी आता अख्खा पाटा ठेवला होता.