बेसलाइनवरचा ठसा

“…मग चूक मनगटात आहे, की खांद्यात?”

कासममास्तर कोर्टावर पाणी मारत राहिले.

दुपारचे चार वाजले होते. जिमखान्याचे मेंबर साडेपाचच्या आत येत नसत. म्हणूनच डॉ. जयसिंग इंगवले ही वेळ काढून आले होते. कोल्हापुरातले नावाजलेले हाडांचे डॉक्टर. वय छप्पन्न. सकाळी गोल्फ, संध्याकाळी टेनिस.

कासम मुल्लाणी जिमखान्याचे मार्कर. मेंबरांना खेळवायचं, नवख्यांना शिकवायचं, लाल मातीचं कोर्ट राखायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या. अडतीस वर्षं ते हेच करत आले होते.

डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं. गेले तीन आठवडे त्यांचा एकही फोरहँड धड कोर्टात पडत नव्हता. बॉल थेट मागच्या जाळीवर. मोबाइलवर स्वतःचं चित्रण करून त्यांनी ते सावकाश फिरवून पाहिलं होतं, आणि निदानही केलं होतं. गोल्फमध्ये बॉल खाली गवतावर पडलेला असतो, काठी खालून वर जाते. तीच सवय हाताला लागली आहे. प्रश्न एवढाच, की ती नेमकी कुठे बसली आहे. मनगटात, की खांद्यात.

मास्तरांनी नळ बंद केला.

“या,” ते म्हणाले.

मास्तर नेटपलीकडून एकेक बॉल देऊ लागले. पहिल्या दहातले सात जाळीवर गेले.

मास्तर नेटपाशी आले. त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. रॅकेट फार मागं जाते, निम्मी पुरे. वजन मागच्या पायावर राहतं, म्हणून बॉल उचलला जातो. बॉल उचलायचा नसतो, तो पुढच्या पायाच्या पुढं गाठायचा असतो. समोरचा माणूस मारतो त्या क्षणी टाचा उचलून एक बारीक उडी घ्यायची, म्हणजे पाय जागे होतात. मूठ सैल ठेवायची.

“गोल्फात बॉल तुमची वाट बघतो,” मास्तर म्हणाले. “इथं तुम्ही त्याची बघायची.”

डॉक्टरांनी तसं केलं. ते हुशार शिष्य होते. सांगितलेलं त्यांना दोनदा सांगावं लागत नसे. पुढच्या दहातले सहा आत पडले.

मग एक बॉल अगदी बेसलाइनपाशी आला, पायांजवळ. डॉक्टर क्षणभर रेघेकडे बघत राहिले. त्यांचा फटका जाळीच्याही वरून पलीकडच्या कण्हेरीत गेला.

पुढचाही तसाच. त्यापुढचाही.

“बघितलंत?” डॉक्टर म्हणाले. “हे असं होतंय.”

मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“आता मारू नका,” ते म्हणाले. “मी बॉल टाकतो. तुम्ही नुसतं सांगायचं. आत की बाहेर.”

डॉक्टर हसले. हे त्यांना पोरकट वाटलं. तरी रॅकेट खाली ठेवून ते बेसलाइनच्या मागे उभे राहिले.

पहिला बॉल रेघेच्या वीतभर आधी, नेटच्या बाजूला पडला.

“आत.”

दुसरा रेघेवरच पडला. चुना उडाला.

“आत.”

तिसरा रेघेच्या चार बोटं मागे, डॉक्टरांच्या बाजूला पडला.

“…आत.”

चौथा रेघेच्या चांगला दोन फूट मागे पडला. ओल्या मातीत त्याचा लांबट ठसा उठला.

“आत,” डॉक्टर म्हणाले.

मास्तर नेटला वळसा घालून चालत आले. उकिडवे बसले. ठशावर बोट ठेवलं.

“हा?”

डॉक्टर जाळीकडे बघू लागले.

“हा बाहेर हाय, डॉक्टर.”

“असू दे.”

“असू दे कसं?”

डॉक्टरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ऑपरेशन थिएटरात कुणी त्यांना उलट प्रश्न विचारत नसे. इथे एक म्हातारा मातीत बसून वर बघत होता आणि त्यांना त्याच्याकडे बघता येत नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी याच कोर्टावर जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धेची फायनल झाली होती. डॉक्टर इंगवले विरुद्ध मनोहर किणीकर.

किणीकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बासष्ट वर्षांचे. दोघांची तीस वर्षांची मैत्री. चार फायनलमध्ये किणीकरांनी डॉक्टरांना हरवलं होतं. त्या दिवशी तिसऱ्या सेटमध्ये डॉक्टरांना शेवटचा एकच पॉइंट हवा होता. किणीकरांचा फटका खोल आला आणि बेसलाइनला चाटून पडला.

डॉक्टरांनी बोट वर केलं. बाहेर.

आपल्या बाजूच्या रेघांचा निवाडा ज्याने त्याने करायचा, अशी जिमखान्याची जुनी पद्धत होती. उंच खुर्चीवर मार्कर बसे, पण तो फक्त स्कोअर सांगे.

किणीकर पलीकडून बघत होते. मातीत ठसा स्पष्ट होता. निम्मा चुन्यावर, निम्मा मातीवर.

डॉक्टर वळले आणि वळता वळता त्यांनी त्यावरून बूट फिरवला. पायाची माती झटकावी तसा.

मग ते नेटकडे हात मिळवायला गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बोट आपसूक वर गेलं, असं डॉक्टर स्वतःला सांगू शकत होते. पायाबद्दल तसं सांगता येत नव्हतं.

आता ते खाली मान घालून उभे होते.

“तुम्ही पाहिलं होतंत,” ते म्हणाले.

“व्हय.”

डॉक्टर घाईघाईने बोलू लागले. आपण तसे नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. दोन वर्षांपूर्वी गोल्फच्या मैदानावर झुडपाआड काठी लागून त्यांचा बॉल अर्धा इंच हलला होता. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी स्वतः होऊन दंड म्हणून आपल्या नावावर एक फटका वाढवून घेतला, आणि त्या एका फटक्याने ते हरले. ती गोष्ट लोक अजून सांगतात. नव्या मेंबरांना तर आवर्जून सांगतात…

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

“तिथं समोर कोण होतं?” त्यांनी विचारलं.

“समोर कुणी नसतं तिथे. आपला खेळ आपणच खेळायचा.”

“हं.”

डॉक्टर थांबले. आपण काय बोललो ते त्यांना जरा उशिराने ऐकू आलं. इथे समोर किणीकर होते.

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले.

“त्या दिवशी आतला बाहेर म्हणालासा. आज बाहेरचा आत म्हणताय,” ते म्हणाले. “बॉल दोन्ही दिवशी बघितला न्हाईसा.”

ते नळाकडे निघून गेले.

डॉक्टरांनी रॅकेट उचलली. बाहेर जायचा रस्ता त्या दोन फुटांवरच्या ठशावरूनच होता. त्यांनी पाय उचलला, पण टाकला नाही. मग ते वळसा घालून गेले.

त्याच संध्याकाळी ते किणीकरांकडे गेले.

किणीकर बाहेरच्या खोलीत टेबलफॅन उघडून बसले होते. पाती वर्तमानपत्रावर काढून ठेवली होती. डॉक्टरांना बघून ते उठले नाहीत. ‘बस’ म्हणाले.

सुलभावहिनी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. पाय न ओढता, सरळ चालत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनीच केलं होतं. कप ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि कौतुकाने सांगू लागल्या. फायनलच्या दिवशी हे घरी आले तेव्हा म्हणाले, आज जया फार सुंदर खेळला, माझं काही चाललंच नाही. चार वेळा हरूनही माणूस जिद्द सोडत नाही, हे शिकण्यासारखं आहे, असंही म्हणाले.

डॉक्टरांनी कप उचलला आणि परत ठेवला.

वहिनी आत गेल्या. किणीकर स्क्रू आवळत होते.

“मन्या,” डॉक्टर म्हणाले, “तो बॉल आत होता.”

“माहीत आहे.”

“आणि मी पायाने…”

“तेही पाहिलं.”

पुढचं वाक्य डॉक्टर वाटेत ठरवून आले होते. ते त्यांना आठवेना. त्यांनी विचारलं ते भलतंच.

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

किणीकरांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“नुसतं बोट वर केलं असतंस तर बोललो असतो. भांडलो असतो. तू पाय फिरवलास ना, मग मला तुझ्याकडे बघवेना.”

आतून भांड्यांचा आवाज आला. किणीकरांनी आवाज खाली घेतला.

“घरी हिला काय सांगणार होतो? रोज जिना चढताना ही तुझं नाव घेते. जयानं माझ्याशी लबाडी केली, हे हिला सांगू? तेही एका बॉलसाठी?”

डॉक्टर वर्तमानपत्रावरच्या पात्यांकडे बघत राहिले. माफ कर, असं ते म्हणाले. फार हळू म्हणाले. ते ऐकू गेलं की नाही, हे त्यांना कळलं नाही.

स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा उचलत किणीकर म्हणाले, “येईन मी खेळायला. पण एवढ्यात नको.”

तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की तीन आठवड्यांत मन्या कोर्टावर फिरकलाच नव्हता. रोज संध्याकाळी आपण आपला फोरहँड शोधत होतो, आणि तीस वर्षं समोर उभा राहणारा माणूस तिथे नाही, हे आपल्याला दिसलंसुद्धा नव्हतं.

चहावर साय धरली होती. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला. वहिनींना वाईट वाटायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेल्यावर डॉक्टर पुन्हा कोर्टावर आले.

मास्तर वाकून बेसलाइनवर चुना ओढत होते. त्यांनी मान वर केली.

“रॅकेट कुठाय?”

“आणली नाही.”

डॉक्टरांनी किणीकरांकडचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वहिनींचं बोलणंही तसंच्या तसं सांगितलं. मग ते म्हणाले, रविवारी जिमखान्याची वार्षिक सभा आहे. झाडून सगळे मेंबर येतील. मी कप घेऊन येणार आहे. सगळ्यांसमोर उभा राहून काय झालं ते सांगणार आहे, आणि कप टेबलावर ठेवणार आहे. मन्या तो घेणार नाही, मला ठाऊक आहे. पण माझ्या कपाटात तो राहू शकत नाही.

मास्तर ऐकत होते.

“सांगायला जमेल?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही. रात्रभर मनात वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्यात मी जरा चांगलाच दिसतो.”

मास्तरांनी मान डोलावली.

डॉक्टर निघाले. दोन पावलं जाऊन परत वळले. विचारू की नको, असं त्यांना झालं होतं.

“मास्तर… एक विचारतो. राग मानू नका.”

“विचारा की.”

“तुम्ही त्या दिवशी खुर्चीवर होतात. तुमच्याइतकं स्पष्ट कुणालाच दिसलं नसेल. रेघेचा निवाडा मेंबराचा, हे मला कळतं. पण मी ठसा पुसला, तेव्हाही तुम्ही मोठ्याने ‘गेम, सेट, मॅच’ म्हणालात. माझं नाव घेतलंत…”

त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

चुन्याची पाटी मास्तरांच्या हातात तशीच राहिली. तिच्यातून चुना रेघेच्या बाहेर सांडत होता.

मग त्यांनी पाटी खाली ठेवली आणि ते जमिनीवर बसले. तिथेच, मातीत. इतक्या वर्षांत मेंबरासमोर मास्तर असे बसलेले डॉक्टरांनी पाहिले नव्हते. त्यांची मान खाली गेली होती. पांढरे झालेले हात ते एकमेकांवर चोळत होते, आणि पांढरेपणा जात नव्हता.

डॉक्टर त्यांच्याशेजारी खाली बसले. त्यांच्या पँटला माती लागली.

बाहेर फाटकाशी कुणाची तरी स्कूटर थांबली. पहिले मेंबर यायला लागले होते.

मास्तर उठले नाहीत.

“रविवारी आधी मी बोलतो, डॉक्टर,” ते म्हणाले. “मग तुम्ही.”