एक पान आणि एकेचाळीस पत्रं

चोवीस जासूद सव्वा महिना धावत होते, आणि राजेसाहेबांचा ग्रंथ अजून एकाही गावात पुरा पोचला नव्हता!

ग्रंथाचं नाव ‘शशकविजय’. कुंभेरीच्या राजे भूपालसिंहांनी शिकारीत एक ससा मारला होता, आणि त्या पराक्रमावर स्वतःच्या हाताने चौऱ्याऐंशी पानं लिहिली होती. राज्यातल्या बाराही गावांच्या चावडीवर त्याची प्रत हवी, असा हुकूम सुटला. मूळ प्रत एकच. तेव्हा दिवाण त्र्यंबकपंतांनी शक्कल लढवली. ग्रंथ सुटा करून प्रत्येक गावाला सात-सात पानं वाटायची, आणि गावोगावच्या कारकुनांनी नकला करून एकमेकांना पाठवायच्या.

शक्कल काही वाईट नव्हती. पण पंतांनी तिला नियम जोडले आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. पान हवं असेल तर आधी अकरा गावांना पत्र, ‘तुमच्याकडे आहे का?’ मग अकरा उत्तरं. मग ‘द्याल का?’ मग ‘देऊ.’ पान मिळालं की पोच, आणि पोच मिळाली की तिचीही पोच! ज्या गावाकडे नवीन काहीच नसेल, त्याने रोज सकाळी सगळ्यांना कळवायचं, की आमच्याकडे नवीन काही नाही. वर प्रत्येक पत्राच्या माथ्यावर महाराजांची बत्तीसच्या बत्तीस बिरुदं!

राजे भडकले. “दसऱ्याला बारा दिवस उरलेत. तोवर ग्रंथ पोचला नाही, तर सगळे जासूद घरी आणि त्यांचा नाईक दगडाच्या खाणीत!”

नाईक म्हणजे धोंडजी. धावून धावून त्याच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या, की पाऊल टेकलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्याची लेक हौसा त्या भेगांत कोकमाचं तेल भरत होती. हात पुसून तिने त्याची टपालाची थैली उचलायला घेतली, तर ती उचलेना.

“आबा, ग्रंथाची किती पानं हायती हिच्यात?”

“मला काय ठावं? मी पळतो नुस्ता.”

हौसाला चावडीवर बसून बसून वाचता येऊ लागलं होतं. तिने थैली ओसरीवर रिकामी केली आणि एकेक कागद लावला. पत्रं एकेचाळीस, आणि ग्रंथाचं पान एक! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आबा, तुमच्या टाचा त्या ‘नवीन काही नाही’पायी फुटल्या!”

सकाळी ती थैली घेऊन थेट दरबारात गेली आणि महाराजांपुढे तिने सगळा ढीग ओतला.

“महाराज, ससा एका दिसात मेला. ह्यो ढीग आमी असाच वाहत ऱ्हायलो, तर तुमचा ग्रंथ सात वर्सांत बी पोचायचा न्हाई!”

“उद्धट कार्टी!” पंत ओरडले. “प्रत्येक पत्र नियमानेच आहे!”

“म्हणून तर वझं झालंय, दिवाणजी.”

राजांनी मिशीला पीळ भरला. “बरं. नियम तू लाव. पण जासूद एकही जादा मिळणार नाही, आणि आमच्या बिरुदांतलं एक अक्षर गाळायचं नाही. गाळलंस, तर बापाबरोबर तूही खाणीत!”

पंत गालातल्या गालात हसले. बिरुदं तशीच राहिली की थैली हलकी होणार कशी?

“जी महाराज,” हौसा म्हणाली आणि घरी गेली. तिने लाल दोरा काढला.

दसऱ्याच्या दिवशी बारा गावांचे बारा कारकून दरबारात उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात शिवलेला ‘शशकविजय’, पुरी चौऱ्याऐंशी पानं! राजांनी एकूण एक प्रत चाळली. ससा सगळीकडे मेला होता.

“केलंस तरी काय, पोरी?”

“सगळ्या गावांस्नी इचारणं बंद, महाराज. फकस्त शेजारच्या गावाशी देणंघेणं. जासूद एक सुतळी न्हेतो, तिला चौऱ्याऐंशी गाठी. जे पान न्हाई त्या गाठीला चिंधी. शेजारचा कारकून चिंध्या बघतो, त्येवढी पानं थैलीत घालतो. जाताना पानं, येताना पानं. चिंधी सुटली की तीच पोच! आन् नवीन काय नसंल, तर गप ऱ्हायचं.”

“आणि बिरुदं?” पंत पुढे झाले. “पाहा महाराज, थैलीत एक बिरुद नाही! नुसती सुतळी!”

राजांचा चेहरा लालबुंद झाला. पाठीवर थैली घेतलेला धोंडजी हौसाजवळ सरकला.

“हौसा! आमची बिरुदं कुठे गेली?”

“आबा, पाठ फिरवा.”

धोंडजी वळला. त्याच्या पाठीवरच्या थैलीवर लाल दोऱ्याने बत्तीसच्या बत्तीस बिरुदं भरलेली होती!

“अशा चोवीस थैल्या हायती, महाराज. योक अक्षर गाळलं न्हाई. बिरुदं थैलीला, म्हंजी आतल्या समद्या कागदांस्नी लागली. आन् आता तुमची कीर्त रस्ताभर लोक वाचत्यात.”

“मग आधी कोण वाचायचं?”

“कारकून. त्ये बी वरचं सोडून खालनंच सुरू करायचे!”

बारा कारकुनांनी एकदम माना खाली घातल्या. राजांनी त्या बारा झुकलेल्या पगड्यांकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं, आणि पोट धरून असे हसले की फेटा सुटला.

“नाईक आजपासून पायी चालणार नाही! त्याला आमच्या पागेतला घोडा द्या! पंत, सनद लिहा!”

पंतांनी बोरू बुडवला, घसा खाकरला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले, “प्रतापसूर्य, शशककुलान्तक, दिगंतविजयी, शत्रुगजकेसरी...”

“दिवाणजी!” राजे गरजले. “ती थैलीवर आहेत! घोडा आणा!”