सुमतीबाईंचा श्वास

भालचंद्र विनायक आठल्ये, वय वर्षे एकतीस, आपल्या गुरूंना विचारीत होता,

"म्हणजे गायनाचा वर्ग उघडायला तुमची परवानगी नाही, असंच समजू ना?"

"असं कुठं म्हणालो?" तात्याबुवा सुपारी कातरीत होते.

"जागा ठरली, बुवा. पाटीसुद्धा रंगवायला दिली."

"मग पाटीच शिकवील की!"

भालचंद्र उठला, खिडकीपर्यंत गेला, परत येऊन बसला.

इतक्यात बुवांकडे शिकणाऱ्या सुमतीबाई आल्या. छातीच्या दुखण्यातून त्या नुकत्याच उठल्या होत्या. आवाज गोड, दम अपुरा.

"आज हिला तू शिकव," बुवा म्हणाले. "परवानगीचं मग बोलू."

भालचंद्राने ओळ एका श्वासात गाऊन दाखविली... "उंबऱ्याशी मी वाट पाहते." निर्दोष.

सुमतीबाईंचा श्वास शेवटच्या शब्दात तुटला.

"पुन्हा!"

पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा त्या खोकल्या आणि तंबोरा खाली ठेवू लागल्या.

"बुवा, यांच्यासाठी मी बंदिश मोडायची का?"

"मोड की. कुठं मोडतोस ते बघू."

भालचंद्राने ओठांतल्या ओठांत ओळ घोळविली. मग म्हणाला, "'मी' म्हटल्यावर श्वास घ्या."

त्यांनी घेतला. ओळ पुरी झाली. पण सम केव्हाच निघून गेली होती.

"ही तुझी जागा," बुवा म्हणाले. "तिची कुठंय?"

"ते मला कसं कळणार?"

बुवा मांडीवर नुसता ताल देत राहिले...

बऱ्याच वेळाने भालचंद्र सुमतीबाईंकडे वळला. आवाज उतरला होता.

"सुमतीबाई... तुम्हांला कुठं थांबावंसं वाटतं?"

"'वाट' म्हटल्यावर," त्या चटकन म्हणाल्या. "तिथं थांबावंच लागतं हो."

त्या गायल्या. "उंबऱ्याशी मी वाट..." आणि थांबल्या. खोलीत फक्त बुवांचा ताल. मग 'पाहते' अलगद समेवर आले.

भालचंद्राने मान खाली घातली.

"बुवा, वर्ग उघडू?"

"उघड. पण आज हिला जे शिकवलंस, ते दुसऱ्या कुणाला शिकवू नकोस."

दसऱ्याला वर्ग सुरू झाला. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र वेळ दिलेली असे.