गैबूमामाची वाटी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. साल कुणालाच आठवत नाही, पण वेळ आमच्या चिंचटेक गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण तीच पहिल्या एसटीची वेळ होती आणि त्या दिवशी एसटी आलीच नाही.

तर फार फार मागची ही गोष्ट. चिंचटेक म्हणजे घाटमाथ्यावरचं शेवटचं गाव. इथून पुढं रस्ता जो खाली पडतो तो थेट तालुक्याच्या दवाखान्यापाशीच सपाट होतो. माथ्यावर एक मोठी चिंच, आणि चिंचेखाली गैबूमामा. गैबूमामा ट्रकचे मिस्त्री होते. बाकीचं काम कुणीही करायचं, पण गव्हर्नरचं काम त्यांच्याकडंच यायचं.

गव्हर्नर म्हणजे काय, ते मामा बायकापोरांनाही समजावून सांगत. डिझेलच्या पंपात दोन लोखंडी वजनं गरगर फिरतात. फुगडी घालणाऱ्या दोघी जशा जोर चढला की मागं मागं झुकतात, तशी ती वजनं बाहेर फाकतात आणि डिझेलची दांडी मागं ओढतात. मग इंजिन आवरतं. जोर कमी झाला की स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि डिझेल परत वाढतं. वजनांचं आणि स्प्रिंगचं जमलं तर गाडी शहाणी. नाही जमलं तर गाडी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

असं म्हणतात, मामांकडं मापाचं एकही यंत्र नव्हतं. एक पितळी वाटी होती. इंजिन चालू ठेवायचं, केबिनमधल्या बॉनेटवर वाटीभर पाणी ठेवायचं. पाण्यावर बारीक शिरशिरी आली तर गाडी ठीक. पाणी झोके घ्यायला लागलं तर ती गाडी घाट उतरायची नाही.

त्या सकाळी एसटीची वाट बघत हौसाबाई उभी होती. पोटाशी दीड वर्षांची लेक. पोरगी तापानं फणफणलेली, डोळे फिरवायला लागलेली. एसटी काही येईना. तेव्हा तिचा नवरा सर्जेराव आपला ट्रकच घेऊन आला. माल उतरवला, दोघींना केबिनमध्ये बसवलं आणि निघाला. चिंचेपाशी आला तर इंजिनचा आवाज नुसता वर-खाली, वर-खाली. झोपाळ्यावर बसवल्यासारखा.

मामांनी आवाज ऐकला आणि पुढच्या चाकाखाली दगड लावला.

"मामा, दगड काढा," सर्जेराव म्हणाला. "पोरगी हातातनं चाललीय."

"दवाखान्यात न्यायचीय का दरीत?" मामा म्हणाले. "हौसा, ही वाटी ठेव बॉनेटवर आणि नजर हलवू नको."

पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला लागलं. हौसाबाईनं वाटी बघितली, पोरीकडं बघितलं आणि तिचा तोल सुटला. "तुमचं लेकरू असतं तर असं थांबला असता का?"

"माझं असतं तर दोनदा बघितलं असतं," मामा म्हणाले आणि इंजिनात वाकले.

मामांची रीत ठरलेली. गव्हर्नरला पहिल्यांदा दोष द्यायचा नाही. आधी डिझेलच्या नळीत हवा शिरलीय का बघायची. मग फिल्टर तुंबलाय का बघायचा. मग पायाखालच्या पेडलपासून पंपापर्यंतचा दांडा चाचपायचा. हवा नव्हती. फिल्टर साफ होता. दांड्यावर मात्र सायकलच्या ट्यूबचं रबर आवळून बांधलेलं.

"ही कुणाची अक्कल?"

"माझीच," सर्जेराव म्हणाला. "दांड्याची स्प्रिंग ढिली पडली होती."

"अक्कल ट्यूबची आहे हे दिसतंय. पंक्चर कुठं आहे तेवढं सांग. अजून काय केलंयस?"

सर्जेराव खाली मान घालून म्हणाला, "चढाला दम लागत होता, म्हणून सील तोडून स्क्रू पिळला."

पंपावरचा तो स्क्रू कंपनीनं तार ओवून, शिसं लावून बंद केलेला असतो, इंजिननं किती पळायचं ते त्यावर ठरतं. रबर आणि स्क्रू, दोन्हींनी मिळून पंपातली डिझेलची दांडी आत अडकत चालली होती. मामांनी रबर सोडवायला हात घातला आणि दांडी पुढंच अडकली. इंजिन किंचाळलं. सर्जेरावानं पेडलवरचा पाय काढला, बंद करायची मूठ ओढली, काही उपयोग नाही. असं म्हणतात, ट्रक जागच्या जागी थरथरला, चिंचेच्या चिंचा गळून पडल्या, दगडाखालून धूर निघाला.

मामांनी डोक्याचा फेटा उतरवला, घडी केली आणि इंजिन जिथून हवा घेतं त्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला. इंजिननं फेटा कोपरभर आत ओढला. मामा हलले नाहीत. असं म्हणतात, त्या इंजिनची हवा तुटली तेव्हा साऱ्या घाटातली हवा क्षणभर थांबली. पान हललं नाही, उडती घार आभाळात टांगल्यासारखी राहिली. मग इंजिननं एक उचकी दिली आणि गप्प झालं.

"हेच खाली उतारावर झालं असतं," मामा म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी पंपाचं झाकण उघडलं. दांडीवर चिकटलेला राप डिझेलनं धुतला, बोटानं मागं-पुढं सरकवून बघितली. स्क्रू मागं घेतला, त्यावर नवी तार पिळली. स्वतःच्या पेटीतली स्प्रिंग दांड्याला लावली. गाडी चालू केली. हौसाबाई वाटीवर वाकली. पाणी डुललं, मग हळूहळू निवलं.

"आता एकदा परत," मामा म्हणाले. आणि खरंच दुसऱ्यांदा बघितलं. या वेळी वाटी हौसाबाईनंच नीट मधोमध ठेवली. मग दगड काढून मामा स्वतः तिच्या शेजारी बसले.

असं म्हणतात, एवढी वळणं गेली, पण वाटीतला थेंब सांडला नाही. खाली पोचल्यावर हौसाबाईनं तेच पाणी पोरीच्या ओठांना लावलं आणि पोरीनं डोळे उघडले. डॉक्टरांनी सुई दिलीच म्हणा, पण आमच्या गावात पाण्याचंच नाव घेतात. ती पोरगी मोठी झाली, म्हातारी झाली, आणि शेवटपर्यंत सांगत राहिली की माझा जन्म दोनदा झाला, दुसरा बॉनेटवर.

मामा कधी गेले हे नक्की कुणी सांगत नाही. ते गेले त्या दिवशी चिंचेखाली उभ्या सगळ्या ट्रकांचा आवाज एकच झाला होता, असं म्हणतात.

चिंच अजून आहे. तिच्या बुंध्याला लांबलचक साखळीनं बांधलेली पितळी वाटी आहे. मंगळवारी गाडीवाल्यांच्या घरच्या बायका ती चिंचेनंच घासून लख्ख करतात. प्रत्येक ड्रायव्हर तिथं थांबतो, वाटी भरून बॉनेटवर ठेवतो, आणि पाणी निवलं की ते चिंचेच्या मुळाशी ओतून घाट उतरतो. झोके आले तर गाडी तिथंच राहते आणि मागचा ड्रायव्हर न सांगता पाना घेऊन येतो. नव्या गाड्यांत ते काम कंप्युटर करतो म्हणे. करू दे. वाटी ठेवतातच. आणि त्या चिंचेखाली 'लवकर' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, नव्या नवरीला पहिल्याच दिवशी हे सांगितलं जातं.

तुमच्या घरचं कुणी गाडीवर असेल तर त्याला हे सांगा. नसेल तर गाडीवर असणाऱ्या कुणाच्याही बायकोला सांगा, ती बरोबर पोचवेल. म्हणावं, पोरं जेवायची थांबतील. वाटीतलं पाणी थांबेपर्यंत तुम्ही थांबा.