आठव्या मजल्याचं कुलूप

बावीस मजली इमारतीतल्या नव्या घराच्या खिडकीतून माहेरची खाडी दिसणार, म्हणून द्वारकाबाईंनी पडदे शिवून ठेवले, त्याला तीन वर्षं झाली. राहायची परवानगी देणारं पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र काही येईना.

"एक कागद तर राहिलाय! ताबापावतीवर सही करा नि या राहायला," बिल्डर भास्करशेठ गुरकावले.

"आधी घर दाखवा. पण जिन्यानं. आगीत लिफ्ट बंदच असते ना?"

आठव्या मजल्यावर शेठना धाप लागली. आगीत माणसांनी आसरा घ्यायचा तो मोकळा मजला. पण दाराला कुलूप, फटीतून दिसत होत्या आत रचलेल्या शेठच्याच फरशा.

"अरे, उघडा कोणीतरी! बसू द्या मला!"

"शेठ, हे दार उघडं आहे, एवढंच तर त्या कागदावर लिहून हवंय."

जिन्याच्या झरोक्यातून खाडीची बारीक रेघ दिसत होती. तिच्याकडे डोळे भरून बघून, सही न करताच बाई खाली उतरल्या.