बिट्टीच्या आळ्याची कहाणी

ऐका महादेवा, ऐका आयाबायांनो, पिवळ्या बिट्टीची कहाणी. एक होतं आटपाट नगर. तिथं एक वाणी, वाण्याची सून सगुणा. तिचा नवरा बैल घेऊन परमुलखी व्यापाराला गेला. मग सगुणेनं अंगणात बिट्टी लावली, हात जोडले. "देवा, हे झाड हिरवं, तोवर माझं माणूस सुखरूप. पहिलं फूल तुझ्या पिंडीवर वाहीन." झाडाला मोठं आळं केलं, पूजेचं पाणी घालू लागली.

मग काय झालं? व्रताचं झाड म्हटल्यावर शेजारणींनाही पुण्य हवं. एक आली, तांब्या ओतून गेली. दुसरी आली, कळशी ओतून गेली. तिसरीनं घरच्या देवांचं न्हाणच आणून रिचवलं. श्रावण लागला. वरून पाऊस, खालून तांबे. पानं पिवळी पडली, गळू लागली. झाड चाललं, म्हणजे नवरा चालला. सगुणा भ्यायली, आणखी पाणी घालू लागली.

मग दारी एक म्हातारी आली. "बाई, भाकर वाढ." सगुणेनं वाढली, वाढता वाढता रडली. म्हातारीनं आळ्यात बोट खुपसलं, हुंगलं. "अगं, झाड बुडालंय. मुळं कुजायला लागली, आणि तू वरून ओततेस? मी तुला वसा देते. घेशील, घाबरशील, टाकशील."

"घाबरेन, पण टाकणार नाही."

"आळं मोडावं. वाळूमाती घालून उंचवटा करावा. वाळल्या फांद्या छाटाव्या. झाड विषारी, चीक डोळ्यांना लागू देऊ नये, फळ पोरांच्या तोंडी जाऊ देऊ नये. मग सोमवारी तांब्या भरून झाडाशी जावं, न ओतता परत यावं."

सगुणेनं तसं केलं. पहिल्या सोमवारी पानं गळली. हात पुढं गेला, तिनं मागं घेतला. दुसऱ्या सोमवारी शेजारणी बोलल्या, "झाड कोरडं ठेवते, नवरा नकोसा झालाय." सगुणा रडली, पण कुणाला आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या सोमवारी सासू म्हणाली, "माझं लेकरू आहे ते. एक तांब्या घाल गं."

"सासूबाई, तो मलाही हवाय. म्हणूनच घालत नाही."

सासू पदर तोंडाला लावून आत गेली.

मग ऊन पडलं. छाटल्या जागी कोंब फुटले, कोंबांना कळ्या आल्या. असाच एक सोमवार, सगुणा तांब्या घेऊन झाडाशी उभी. फांदीवर पिवळंधमक फूल. तेवढ्यात बैलांच्या घुंगुरमाळा वाजल्या. नवरा दारात, चिखलानं माखलेला. म्हणाला, "पुरात टेकाडावर अडकलो. पाणी गळ्याशी आलं होतं. मग एका सोमवारी ओसरायला लागलं." सासू हसायची ती रडायलाच लागली. सगुणेचा जीव भांड्यात पडला. पुढं झाली, आणि भरला तांब्या नवऱ्याच्या पायांवर रिता केला.

फूल महादेवाला वाहिलं. तिचं माणूस जसं घरी आलं, तसं तुमचं-आमचं येवो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सरली, सांगतीला, ऐकतीला सुफळ होवो.